ममीचा उजवा हात

सहा वर्षांत ही गोष्ट एकदाही माझ्या ओठांवर आलेली नाही. आईशी मी फोनवर तास तास बोलते, नवऱ्याशी भांडताना तर काही म्हणून बाकी ठेवत नाही, आणि देवासमोरही बसते. पण तिथेसुद्धा हा विषय जवळ येतोय असं वाटलं की घाईघाईने उदबत्ती ओवाळून उठते. आज लिहिते आहे. आजच का, ते विचारू नका. मला सांगता येणार नाही.

सिनेमांपासून सुरुवात करते, कारण तिथून सुरुवात करणं सोपं आहे. महाडला माझ्या काकांचं व्हिडिओ पार्लर होतं, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते आम्हा भावंडांना जुने इंग्रजी भयपट लावून द्यायचे. सगळे कृष्णधवल. रक्त काळं दिसायचं. थडग्यातून उठलेली ममी एक पाय ओढत, एक हात पुढे करून यायची, आणि माझे भाऊ उशीत तोंड खुपसायचे. मी नाही खुपसायचे. मला त्या ममीचीच दया यायची. कुणी तिला छेडलं नसतं तर ती उठली असती का? — असं मी तेव्हा विचारायचे. मोठी झाल्यावरही विचारायचे, आणि स्वतःला फार हुशार समजायचे.

मी नर्स आहे. चौदा वर्षं कुवेतमध्ये, त्यातली बारा हाडांच्या विभागात, प्लास्टर रूममध्ये. तिथे नर्सला नाजूक असून चालत नाही. निखळलेला खांदा डॉक्टर जागेवर बसवतात तेव्हा पलीकडून पेशंटला धरून ठेवणारं कुणीतरी लागतं. मनगट मोडलं की बोटं धरून ओढावं लागतं. मी पाच फूट नऊ इंच आहे. माझे हात बघून लग्नाआधी दोन स्थळं परत गेली होती. दात पुढे, चेहऱ्यावर लहानपणीच्या कांजिण्यांचे खड्डे. हे सगळं मी कधीच लपवलेलं नाही. मीच त्यावर विनोद करायचे, म्हणजे दुसऱ्याला संधी मिळू नये. पण मिळायची ती मिळायचीच.

खैतानमधल्या आमच्या इमारतीत तेव्हा आठ मराठी कुटुंबं होती. मुलं इथेच वाढलेली, आपण मराठीत विचारावं आणि त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यावं. ऑक्टोबर आला की त्यांना हॅलोवीन हवं. इथे ते उघड्यावर चालत नाही, दारात भोपळा ठेवला तर शेजारचे लोक काय म्हणतील, म्हणून आम्ही सगळं सिरदाबमध्ये करायचो — म्हणजे इमारतीच्या तळघरात. मधे एक मोठा हॉल, कडेला भाडेकरूंच्या सामानाच्या खोल्या, मागे पाण्याच्या पंपाची खोली आणि तिथून गाड्यांच्या उतारावर उघडणारं एक लोखंडी दार. शुक्रवारी दुपारी पांढऱ्या चादरीवर जुना भयपट लावायचा, दिवाळीचा चिवडा आणि चकल्या प्लास्टिकच्या कवट्यांमधून वाटायच्या, आणि मग एकेकाला पंपाच्या खोलीला लागून असलेल्या भुताच्या खोलीत सोडायचं. सगळ्या सजावटीची मुख्य कोण? मी. बनावट जखमा, तुटलेली बोटं, ग्लुकोजच्या पाकात लाल रंग आणि जरासा कोको घातलेलं रक्त, हे माझ्याइतकं झकास कुणालाच जमायचं नाही. खऱ्या जखमा रोज बघणाऱ्या बाईला खोट्या करायला काय लागतं?

त्या वर्षी मी ममी करायचं ठरवलं. एका जुन्या बॉयलर सूटवर पट्ट्या शिवल्या, रबरी मुखवटा आणला. आणि उजवा हात — तो खऱ्या प्लास्टरचा. मुदत संपलेले रोल घरी आणले आणि माझ्याच हातावर, कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत, बारा थर दिले. पेशंटला इतके देत नाही. वाळल्यावर दोन्ही बाजूंनी कापून त्याचे दोन शिंपले केले आणि पट्टे लावले, म्हणजे घालता-काढता येईल. हातात घेतला की चांगला जड लागायचा. मुलांनी भिंतीवर आपटून बघितला, तर भिंतीचा रंग उडाला.

घालता-काढता येणं गरजेचं होतं, कारण ममी दोघांत मिळून होती. पहिल्या पाळीत यादगिरी, दुसऱ्या पाळीत मी. यादगिरी आमच्या इमारतीचा हारिस — राखणदार म्हणा, पंपापासून कचऱ्यापर्यंत सगळं बघणारा माणूस. आदिलाबादकडचा, पन्नाशीचा, उंच, अगदी माझ्याएवढा. मला अक्का म्हणायचा. बायको किनवटची, त्यामुळे त्याला मराठी कळायचं, पण बोलायचा दखनी हिंदीत. मुलांना तो जाम आवडायचा. लहान मुलं जोडीने आत जातील तेव्हा तो, आणि मग मोठी माणसं येतील तेव्हा पंपाच्या खोलीत कपडे बदलून मी. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना वाटत होतं की ममी म्हणजे शेवटपर्यंत यादगिरी. आणि मी? मी वर बटाटेवडे तळायला गेले आहे, असं सांगून ठेवलं होतं. वडे आधीच तळून हॉटकेसमध्ये भरले होते. सगळ्यात शेवटी मुखवटा काढायचा आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या — मला त्या टाळ्या हव्या होत्या. एवढंच होतं ते.

बघा, अजून मी मूळ गोष्टीकडे येतच नाहीये. वडे, चकल्या, प्लास्टरचे थर. येते.

यादगिरीची पाळी झकास झाली. मुलं किंचाळत बाहेर पडली, हसत पुन्हा रांगेत लागली. पंपाच्या खोलीत त्याने सूट उतरवला, घामाने चिंब झाला होता, केसांत आम्ही टाकलेली टाल्कम पावडर तशीच. मला कोपरापर्यंत प्लास्टर चढवून पट्टे घट्ट करून दिले त्यानेच. "संभाल के अक्का, भारी है," म्हणाला, आणि गच्चीवर टाकी भरली का बघायला गेला. मी भुताच्या खोलीत जाऊन फ्रिजच्या खोक्यात उभी राहिले. दाराला नुसता काळा पडदा होता. बाहेर रांग. चादरीवरच्या सिनेमातली बाई ओरडत होती, आणि तरीही बाहेरचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

पुढचा नंबर नितीनचा. नितीन शुऐबा भागातल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, माझ्या नवऱ्याचा, सुहासचा, जिवलग मित्र. ग्रूपमधला हसवणारा माणूस. तो म्हणाला, "यादगिरीला कशाला उकाड्यात उभं केलंय? वर्षावहिनींना उभं केलं असतं तर मुखवटाही लागला नसता." सगळे हसले. बायकाही. ते मी गिळलं असतं, खरंच गिळलं असतं, सवय होती. पण त्यावर सुहास म्हणाला, "मी रोज फुकटात बघतो रे, अजून घाबरतो." आणि मग जे हसू उठलं —

थांबते. हे मी तुम्हाला आत्ता का सांगितलं? म्हणजे तुम्ही माझ्या बाजूने व्हावं. पुढचं ऐकायच्या आधी तुमच्या मनात 'बिचारी' यावं. सहा वर्षं मी स्वतःलाही ही गोष्ट अशीच सांगत आले आहे, आधी विनोद, मग फटका, म्हणजे फटका उत्तरासारखा वाटतो. विनोद झाला हे खरं आहे. पण त्याचं पुढच्या गोष्टीशी मोजमाप जुळत नाही, हे ध्यानात ठेवा.

नितीन हसतच आत आला. अंधारात चाचपडत, अजून त्याच विनोदावर हसत. मी खोक्यातून बाहेर आले आणि पहिला फटका त्याच्या खांद्यावर मारला. जोरात मारला, पण तो खेळात खपला असता. तो म्हणाला, "अरे यादगिरी, हळू की." दुसरा फटका कानावर बसला. तो गुडघ्यांवर आला. आता तो हसत नव्हता. "लागलं रे, खरंच लागलं," म्हणाला. मला नीट ऐकू आलं. स्पष्ट मराठीत होतं.

इथे मी थांबू शकत होते. थांबले नाही.

डोळ्याखालचं हाड किती पातळ असतं ते मला माहीत आहे. क्रिकेटचा बॉल लागलेली, स्टिअरिंगवर आपटलेली माणसं मी रोज बघते. अंधार होता, पण त्याने तोंड वर केलं होतं आणि पडद्याच्या फटीतून सिनेमाचा उजेड त्याच्यावर येत होता. मला डोळा दिसत होता. मी तिथे मारलं. चुकून बसला नाही तो फटका, मी बघून मारला. आवाज झाला, ओली काटकी मोडते तसा, आणि तो आवाज ओळखायला मला एक्स-रे लागत नाही. मग तो आडवा झाला. मी त्याच्या छातीवर गुडघा ठेवला आणि जबड्यावर मारलं. पुन्हा जबड्यावर. त्याच्या तोंडातून शब्द येईनात, नुसती गुळगुळ येत होती, आणि मला — मला बरं वाटत होतं. राग नव्हता तेव्हा. राग पहिल्या फटक्यातच संपला होता. नंतरचं सगळं मी आनंदाने केलं. अंगभर एक ऊब पसरली होती, आणि कोपर वर जाताना मला वाटत होतं, अजून एक, अजून एक.

बाहेर लोक टाळ्या वाजवत होते. "काय ओरडतोय हा!" असं कुणीतरी म्हणालं. सुहासने शिट्टी मारली. भुताच्या खोलीत किंकाळी म्हणजे दाद द्यायची गोष्ट, नाही का?

शेवटचा फटका हुकला आणि फरशीवर बसला. प्लास्टर मनगटापाशी फुटलं. मी थांबले ते त्यामुळे. दया आली म्हणून नाही, भान आलं म्हणून नाही. हातातलं फुटलं म्हणून थांबले.

मागच्या दाराने मी पंपाच्या खोलीत गेले. सूट उतरवला. प्लास्टरवर खरं रक्त होतं, आणि प्लास्टर रक्त पिऊन टाकतं, धुतल्याने जात नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून मी कोपऱ्यातली माझ्या बनावट रक्ताची बाटली त्यावर उपडी केली. सगळंच लाल झालं. तो ढीग तिथेच टाकला, उतारावरून वर आले, लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेले, हात कोपरापर्यंत धुतले, हॉटकेस उचलली आणि दाराला कुलूप लावलं. मग चटणी राहिली म्हणून कुलूप काढून परत आत गेले.

चटणीसाठी परत गेले मी. तेव्हा खाली नितीन उताणा पडला होता आणि रक्त घशात उतरत होतं. त्याला कुशीवर वळवायला हवं, नाहीतर माणूस स्वतःच्याच रक्तात गुदमरतो, हे मी दर वर्षी नव्या नर्सेसना शिकवते.

खाली पोचले तेव्हा दिवे लागले होते. पुढच्या नंबरवाल्याने पडदा उघडला होता. नितीनची बायको केतकी किंकाळ्या फोडत होती, आणि आता कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. मी हॉटकेस टेबलावर ठेवली आणि धावले. त्याला कुशीवर वळवला, तोंडातले तुटके दात बोटाने काढले, जबडा वर धरून हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली, डोळ्यावर दाब न देता कागदी पेला झाकला. केतकी माझ्या पायाशी बसून म्हणत होती, "वहिनी, तुम्ही होतात म्हणून." आजही म्हणते.

आणि मग यादगिरी आला. आरडाओरडा ऐकून गच्चीवरून धावत खाली आला होता बिचारा. बनियन, लुंगी, आणि केसांत ती पांढरी पावडर. माझ्या मुलीने बोट दाखवलं, "ही वॉज द ममी." खोटं कुठे होतं? तिच्या पाळीत होताच तो.

आमच्याकडची माणसं कशी, सांगू का? इंजिनिअर, अकाउंटंट, एक लॅबमधला. गणपतीत टाळ धरणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या पाच जणांनी यादगिरीला भिंतीशी धरला आणि मारलं. आधी थपडा, मग बुक्क्या, मग तो खाली पडल्यावर लाथा. कुणी चादरीचा लोखंडी स्टँड उचलला आणि त्याच्या पाठीत घातला. सुहासने त्याच्या हातावर बूट दिला. मुलं बघत होती. पांढऱ्या चादरीशिवाय सिनेमा मागच्या भिंतीवर तसाच चालू होता, कुणाला बंद करायचं सुचलं नाही.

तो एकच वाक्य म्हणत होता, "मैं नै मारा सार, मैं ऊपर था." मग त्याने मला बघितलं. मी नितीनचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. "अक्का," तो म्हणाला, "तुम बोलो ना." फक्त एवढंच. 'अक्का होती आत' असं तो म्हणाला नाही. म्हणू शकला असता. पंपाच्या खोलीत त्यानेच माझे पट्टे बांधले होते, त्याला पक्कं माहीत होतं. लाथा खात होता, आणि तरी माझं नाव त्याने घेतलं नाही. मी बोलेन असं त्याला वाटत असावं.

सुहासने मान वळवून विचारलं, "काय म्हणतोय हा? काय बोलायचंय तुला?" मी म्हणाले, "मला काय माहीत, मी वर वडे तळत होते."

यादगिरीने परत विचारलं नाही. डोक्यावर घेतलेले हात त्याने खाली घेतले. डाव्या हाताची दोन बोटं मागे वळली होती. निखळली होती, मोडली नव्हती — ते मला सहा फुटांवरून दिसलं. धरून ओढलं असतं तर पाच सेकंदांचं काम. मी तेवढ्याचाच तर पगार घेत होते. मी उठले नाही.

वर आणखी शहाणपण केलं. हॉस्पिटलला नेताना केतकी म्हणाली, पोलिसात जाऊ. विनापरवानगी जमाव, तळघर, हॅलोवीन — सुहास म्हणाला, हात दाखवून अवलक्षण होईल. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी हॉस्पिटलातली म्हणून. मी समजावून सांगितलं की मारहाण म्हटली की पोलीस येणार, एकेकाची जबानी होणार, कपडे-सामान नेणार. जिन्यावरून पडला म्हणा. सगळ्यांना ते पटलं. मी सगळ्यांना वाचवते आहे, असं त्यांना वाटलं. त्या संध्याकाळी ममीचा सूट आणि तो हात काळ्या पिशवीत घालून मीच कचऱ्यात टाकला. मुलगी हळहळली होती — "बट इट वॉज सो रिअल, आई."

नितीनचा जबडा सहा आठवडे तारांनी बांधलेला होता. डाव्या डोळ्याने त्याला दिसत नाही. यादगिरीबद्दल इमारत सांभाळणाऱ्या कंपनीच्या मंदूबला, म्हणजे कागदपत्रं बघणाऱ्या माणसाला, आमच्यातल्या दोघांनी जाऊन सांगितलं की तो भाडेकरूंवर हात उचलतो. त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द झाला आणि आठवड्याभरात त्याला विमानात बसवलं. एकोणीस वर्षं होता तो इथे. सुहास म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला." शाळेत आम्हाला 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ह्या म्हणीचा वाक्यात उपयोग करायला सांगायचे. मला दहापैकी दहा मिळायचे.

नितीन अजून विनोद करतो, फक्त माझ्यावर करत नाही. माझ्या वाढदिवसाला केतकी साडी आणते. 'माझा अर्धा जीव वहिनींचा' असं नितीन चारचौघांत म्हणतो, आणि मी "इश्श, काहीतरीच" म्हणते. हॅलोवीन एक वर्ष बंद होतं, मग पुन्हा सुरू झालं. मी रक्त करून देते. विचारलं तर नाही म्हणत नाही, कारण नाही म्हटलं की लोक 'का' विचारतात.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. इथवरचं सगळं मी स्वतःला भीतीच्या नावाखाली माफ करून घेतलं होतं. घाबरले, घाबरल्यावर माणूस काय करेल सांगता येतं का? असं.

मागच्या वर्षी रमजानमध्ये माझी सुट्टी होती. दुपारची वेळ, घरात मी एकटी. भारतातून फोन आला. "अक्का," एवढ्यावरूनच ओळखला. चिडलेला नव्हता. पाच वर्षं झाली, गावात सगळे म्हणतात हा कुवेतला एका माणसाचा डोळा फोडून आला. त्या बोलण्यावरून मुलीचं ठरत आलेलं लग्न दोनदा मोडलं. बायको म्हणते, खोटं बोलू नको, काही केलं नसतं तर एकोणीस वर्षं काम केलेल्या माणसाला कोण असं हाकलतं? हे सगळं तो हळू आवाजात, थांबत थांबत सांगत होता. म्हणाला, तुमचं नाव मी कुठेच घेतलेलं नाही, घेणारही नाही. कुणाला सांगू नका. फक्त माझ्या बायकोला एकदा सांगा. "बस इत्ता बोलो अक्का, मैं नै मारा बोल के. वो मेरी नै सुनती. आपकी सुनेगी."

आणि त्याने फोन तिच्याकडे दिला.

किनवटकडची मराठी. बाई धापा टाकत होती, शेतातून आली असावी. म्हणाली, "बाई, तुमी तितं होत्या म्हनं. खरं सांगा. ह्येनं मारलं का?"

घरात कुणी नव्हतं. सुहास कामावर, मुलगी शाळेत. ती बाई मला ओळखत नव्हती, माझं काही वाकडं करू शकत नव्हती. 'नाही' म्हटलं असतं तर ती पुढे 'मग कुणी?' विचारेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. विचारलं असतं तरी मी फोन ठेवू शकत होते. भीती म्हणावी असं समोर काहीच नव्हतं.

मी म्हणाले, "हो. त्यानेच मारलं."

ती म्हणाली, "बरं बाई," आणि तिकडून यादगिरीचा आवाज आला. तो तिला विचारत होता — बोली क्या? अक्का बोली क्या? त्याच्या आवाजात खात्री होती. मी फोन बंद केला आणि नंबर ब्लॉक केला.

हे कुठे छापून आलं तर नितीन देशात सुट्टीवर जाईल तेव्हा वाचेल, किंवा सुहास वाचेल, किंवा कुणीच वाचणार नाही. नितीनचा डोळा मी फोडला. यादगिरीला मी दोनदा मारलं, एकदा तळघरात आणि एकदा फोनवर, आणि दुसऱ्या वेळी माझ्या हातात भीतीसुद्धा नव्हती.